नसलेल्या रुळांपाशी थांबणारं गाव

आमचं गाव वसलं ते एका इंजिनाला तहान लागली म्हणून. खोटं नाही सांगत. वाफेच्या इंजिनाला ठरावीक मैलांवर पाणी लागायचं. मग रेल्वेवाल्यांनी कोलोरॅडोच्या या सपाट माळावर, जिथे नदी नाही, झाड नाही, सावली म्हणून काही नाही, एक टाकी उभी केली आणि टाकी सांभाळायला एक माणूस ठेवला. त्या माणसाला भूक लागायची म्हणून खानावळ आली, खानावळीत मारामाऱ्या व्हायच्या म्हणून शेरीफ आला, आणि शेरीफ आलाच आहे तर असू दे म्हणून चर्च आलं.

कोलोरॅडो म्हटलं की इंडियातले नातेवाईक विचारतात, "मग काय, बर्फाचे डोंगर, स्कीइंग, मज्जा!" आहेत ना डोंगर. तीन तास गाडी चालवली की दिसतात. आमच्या गावात सगळ्यात उंच गोष्ट म्हणजे गहू साठवायचं सिमेंटचं कोठार. त्यावर चढलं की म्हणे शेजारचं कान्सस राज्य दिसतं. कान्ससमध्ये काय दिसतं? अजून एक कोठार.

टाकीनंतर जमीन विकणारे आले. त्यांनी पूर्वेकडच्या लोकांना पत्रकं वाटली. त्यातलं एक आमच्या म्युझियममध्ये लावलंय. म्युझियम म्हणजे जुनं पोस्ट ऑफिस, किल्ली कॅफेत मिळते. त्या पत्रकात आमच्या माळाचं चित्र असं काढलंय की बघणाऱ्याला वाटावं हे कोकणच, फक्त नारळ तेवढे राहिलेत. लोक भुलले, आले, त्यांनी नांगरलं. काही वर्षं पाऊस पडला, मग थांबला, आणि मग सगळी माती वाऱ्याबरोबर उठून दुसऱ्या राज्यात राहायला गेली. जे उरले त्यांनी बीट लावलं. बिटाच्या साखरेचा कारखाना आला, बिटाच्या साखरेचा कारखाना गेला. मग रेल्वे कंपनीने गाड्या कमी केल्या, मग बंद केल्या, आणि एका उन्हाळ्यात मशीन आणून रूळच उपटून नेले. आपल्याकडे पाहुणा जाताना डबा मागतो, यांनी जाताना जमीन तेवढी ठेवली.

जे टिकले त्यांचे नातू आज सकाळी सहाला कॅफेतल्या खिडकीजवळच्या टेबलाला बसतात आणि आम्हाला "नवीन लोक" म्हणतात. आम्हाला इथे तेरा वर्षं झाली. मी नऊ वर्षांची असताना वर्ध्याहून आले. इथल्या शाळेत माझ्या वर्गात नऊ पोरं होती, त्यामुळे मी कायम पहिल्या दहांत यायचे. बाबा पवनचक्क्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहेत. त्या चक्क्या वाऱ्यावर चालतात, आणि वारा हे आमच्या गावाचं एकमेव पीक आहे ज्याला कधी दुष्काळ पडत नाही.

आता आईकडे येते, कारण हे सगळं आईमुळेच सांगतेय.

आई वर्ध्याला शाळेत गणित शिकवायची. इथे नोकरीच्या परवानगीची कागदपत्रं होईपर्यंत बारा वर्षं घरात बसली आणि गावातल्या पोरांना किचन टेबलवर फुकट अपूर्णांक शिकवत राहिली. गेल्या वर्षी कागदपत्रं झाली. आणि या वसंतात शेजारच्या गावच्या शाळेने तिला गणिताची टीचर म्हणून घेतलं. शेजारच्या गावची शाळा, कारण आमची शाळा त्यांच्यात विलीन झाली. चार पिढ्या ज्या गावाच्या टीमला हरवण्यासाठी जगल्या, त्याच टीमचा टीशर्ट आता त्यांची नातवंडं घालतात. खिडकीजवळच्या टेबलावर या विषयावर कोणी बोलत नाही, फक्त कॉफी जोरात ढवळतात.

प्रिन्सिपलने आईला एकच प्रश्न विचारला. "तुम्ही रोज येणार कशा?"

प्रश्न बरोबर होता. शाळा सव्वीस मैलांवर. बस नाही, ट्रेनचं तर सांगितलंच. बाबा पहाटे उलट्या दिशेला जातात. आईला गाडी येत नव्हती. प्रिन्सिपल म्हणाले, ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी लायसन्स दाखवा, नाहीतर आम्हाला वर्ग फुटबॉलच्या कोचना द्यावा लागेल. कोच चांगला माणूस आहे. पण त्याचं गणित स्कोअरबोर्डपर्यंत.

आई घरी येऊन म्हणाली, "मी शिकतो गाडी. त्यात काय? स्कूटी चालवली ना वर्ध्यात."

बाबांनी तीन दिवस शिकवलं.

"अगं, ब्रेक!"

"दाबला ना."

"तो ॲक्सिलरेटर आहे!"

"मग तसं म्हणा ना. ओरडून काहून राहिले?"

चौथ्या दिवशी बाबा म्हणाले की त्यांना ऑफिसचं फार काम आहे. रविवार होता.

मग आजोबा आले. आजोबा म्हणजे आमचे शेजारी, रेल्वेतून रिटायर झालेले, वय ऐंशीच्या पुढे. आम्ही त्यांना पहिल्या दिवसापासून आजोबा म्हणतो. त्यांना वाटतं हे आमच्या भाषेत "सर"सारखं काहीतरी आहे, आणि आम्ही तो गैरसमज दूर केला नाही. ते बोलायच्या आधी एवढा वेळ थांबतात की समोरच्याला वाटतं कॉल ड्रॉप झाला. मी त्यांची नक्कल करते तेव्हा आधी पाणी पिऊन येते.

"हं..." आजोबा म्हणाले. (इथे पाणी पिऊन या.) "गाडी चालवणं सोपं असतं, मॅम. गावात चालवणं शिकावं लागतं."

आणि त्यांनी आईला गावात चालवणं शिकवलं. म्हणजे काय, तर पहिला नियम, समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. ओळखीचा असो, नसो. नाही उचललं तर तीन पिढ्या लक्षात ठेवतात. बाबांना हा नियम पहिलं वर्षभर माहीत नव्हता. त्यांना वाटायचं लोक मदतीला थांबवतायत, म्हणून ते प्रत्येक गाडीपाशी थांबून काच खाली करून विचारायचे, काय झालं? गाव अजून त्यांना "तो फार काळजी करणारा माणूस" म्हणतं.

दुसरा नियम, पत्ता म्हणजे जे नाही ते. "लाकडाची वखार जळली तिथून डावीकडे, मग डेअरी होती त्याच्या पुढे." आई वहीत लिहून घ्यायची. मी म्हटलं, आई, तिथे काहीच नाहीये. आई म्हणाली, "म्हणूनच लिहून ठेवून राहिली."

आणि तिसरा नियम, मेन रोडवर कोठाराजवळ रेल्वे क्रॉसिंगला पूर्ण थांबायचं, काच खाली करायची, डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, मग निघायचं. रूळ उपटून कितीतरी वर्षं झाली. तिथे सपाट डांबर आहे. सगळं गाव थांबतं. पिकअप थांबतात, ट्रॅक्टर थांबतात, स्वतः शेरीफ थांबतो. मी विचारलं का, तर कॅफेतल्या प्रत्येकाने वेगळं कारण सांगितलं. एक म्हणाला सवय. एक म्हणाला आदर. एक म्हणाला, "काय सांगावं, परत आली तर?"

आई हुशार विद्यार्थिनी. तिने तिन्ही नियम तोंडपाठ केले. आणि म्हणून ती नापास झाली.

परीक्षा घेणाऱ्या बाई नवीन होत्या. डेन्व्हरच्या बाजूने बदली होऊन आलेल्या, आठवड्यातून दोन दिवस कोर्टाच्या इमारतीत बसतात. तोंडात पेपरमिंट, हातात क्लिपबोर्ड, आवाज थेट नाकातून. प्रत्येक वाक्याची सुरुवात एकच, "सुरक्षित असेल तेव्हा." पहिल्या टेस्टमध्ये आईने समोरून आलेल्या प्रत्येक गाडीला बोट उचललं. नर्व्हस होती म्हणून बोटाचा हात झाला, आणि चर्चचे पास्टर दिसले तेव्हा दोन्ही हात जोडले. कागदावर लिहून आलं, स्टिअरिंग अकरा वेळा सोडलं.

"पण अकराही जण ओळखीचे होते," आई म्हणाली.

दुसऱ्या टेस्टला तिने बोटं स्टिअरिंगवर चिकटवल्यासारखी ठेवली आणि क्रॉसिंगला थांबली. काच खाली केली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. बाईंनीही बघितलं, दोन्हीकडे गहू. कागदावर लिहून आलं, चालत्या रस्त्यात विनाकारण थांबणे. मोठी चूक. थेट नापास.

आता एकच तारीख उरली होती, शाळा सुरू व्हायच्या आधीचा शुक्रवार.

त्या संध्याकाळी आई जेवली नाही. पोळ्या लाटत होती, एकही गोल होत नव्हती, आणि आईची पोळी कंपासने काढल्यासारखी असते. म्हणाली, "बारा वर्षं मी म्हणत राहिलो, कागद आले की शिकवीन. आता कागद आले, तर मी गाडीच्या परीक्षेत नापास. पोरांना काय सांगू, प्रयत्न करा म्हणून?"

मी जोक मारणार होते. नाही मारला. सहसा असं होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आजोबांकडे गेले आणि सांगितलं की आईला क्रॉसिंगला थांबायचं बंद करायला शिकवावं लागेल. ते पोर्चवर बसले होते. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. मला वाटलं, ऐकलंच नाही.

मी म्हटलं, "तिथे रूळ नाहीयेत ना, आजोबा."

"रूळ नाहीत हे मला माहितीये," ते म्हणाले. "उपटले तेव्हा मी तिथे उभा होतो. दोन दिवस. कोणीतरी उभं राहायला पाहिजे होतं."

मग उठले, टोपी घातली. "चला. नोकरी आहे ती."

पुढचे दोन आठवडे आम्ही तिघं रोज संध्याकाळी तिथेच. आई स्टिअरिंगवर, मी तिच्या शेजारी परीक्षक म्हणून, आजोबा मागे. अडचण अशी की आईचा पाय ऐकेना. क्रॉसिंग आलं की आपोआप ब्रेकवर. एवढी सवय तिला पाच महिन्यांत लागली होती, गावाला शंभर वर्षांत लागली त्यात नवल काय.

म्हणून मी बाईंचा आवाज काढायला लागले. लक्ष दुसरीकडे गेलं की पाय विसरेल, हा माझा शास्त्रीय विचार. नाक चिमटीत, खोटा पेपरमिंट चघळत, "सुरक्षित असेल तेव्हा, सरळ जा. सुरक्षित असेल तेव्हा, डावीकडचा सिग्नल द्या. सुरक्षित असेल तेव्हा, मला सांगा, कालची भजी उरलीयेत का?"

आई हसायची आणि माझ्या गुडघ्यावर चापट मारायची, "गप ना माकडे, हसवून राहिली!" आणि हसता हसता गाडी क्रॉसिंग पार करायची. जमलं! मागे आजोबा त्या क्षणी डोळे मिटून घ्यायचे. एकदा आरशात दिसले मला. मी तेव्हाही काही बोलले नाही, म्हणजे एका महिन्यात दोनदा. तब्येत दाखवून घ्यायला हवी होती.

गावाच्या लक्षात यायला दोन दिवस लागले. कॅफेत मी ऑम्लेट खात होते तेव्हा खिडकीजवळच्या टेबलावरून आवाज आला, "तुझी आई थांबत नाही म्हणे आता."

"टेस्ट आहे काका," मी म्हटलं. काका मराठीतच म्हटलं, त्यांनाही आता सवय आहे.

"टेस्ट असेल. पण आम्ही थांबतो."

"तुम्हाला लायसन्स कधी मिळालं?"

"मला? तेव्हा टेस्ट नव्हती. शेरीफने विचारलं, येते का रे? मी म्हटलं, येते."

दुसऱ्या दिवशी दोन पिकअप आईला बोट न उचलता गेल्या. आईने घरी येऊन दोन्ही गाड्यांचे नंबर तोंडपाठ म्हणून दाखवले. गणिताची टीचर.

शुक्रवारी सकाळी आई निळी साडी नेसून तयार. मी म्हटलं, आई, पदर गिअरमध्ये अडकेल. म्हणाली, शाळेत पहिल्या दिवशी हीच नेसणार आहे, मग गाडीला पण कळू दे. शेवटी पदर खोचला. आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्या पिकअपमधून आलेले. आम्ही दोघं कोर्टाच्या इमारतीबाहेरच्या बाकावर बसलो आणि आई बाईंबरोबर गेली.

पंचवीस मिनिटं. मी आजोबांसमोर सगळ्या गावाच्या नकला करून बघितल्या, पास्टरची, शेरीफची, खिडकीच्या टेबलाची. ते रस्त्याकडे बघत होते.

गाडी परत आली. नीट, रेषेत लागली. आईचं तोंड असं की काही कळेना. बाई उतरल्या आणि आत गेल्या. मी धावत गाडीच्या खिडकीशी.

"काय झालं?"

"काही विचारू नको," आई म्हणाली. "तुझ्यामुळे झालं."

झालं असं होतं. गल्लीतून बाहेर पडताच बाई म्हणाल्या, "सुरक्षित असेल तेव्हा, डावीकडे." अगदी तस्सा आवाज. आणि आईला वाटलं मीच. म्हणजे वाटलं नाही, पण आजोबांच्या पाच महिन्यांच्या शिकवणीपेक्षा दोन आठवड्यांच्या माकडाची सवय जास्त लागते. ती फस्सकन हसली, म्हणाली, "गप ना माकडे, हसवून राहिली!" आणि बाईंच्या गुडघ्यावर चापट मारली.

"आई!"

"डावा हात स्टिअरिंगवरच होता," आई ठामपणे म्हणाली.

"मग?"

"मग काय. खरं सांगितलं. म्हटलं, माझी पोरगी तुमचा आवाज काढते, तिच्याशीच प्रॅक्टिस केली. बाईंनी पेपरमिंट चावलं फक्त. कुडुम असा आवाज आला."

"आणि क्रॉसिंग?"

"नाही थांबली. समोरून तुझे ते कॅफेवाले काका आले, ते थांबले. माझ्याकडे बघून राहिले असे, जसं मी देवळात चप्पल घालून गेली. बाईंनी विचारलं, हे का थांबले? मी म्हटलं, इथे गाडी यायची, गाडीमुळे गाव आलं, म्हणून थांबतात. त्या म्हणाल्या, तुम्ही नाही थांबलात. मी म्हटलं, मला सोमवारी शाळा आहे."

तेवढ्यात आतून हाक आली. आत रांग होती, पाच-सहा जण, सगळे ओळखीचे. बाईंनी क्लिपबोर्डवरचा कागद फाडून आईसमोर ठेवला. आईने वाचला. परत वाचला. मग कागदावरचे मार्क बोटाने वरून खाली जोडले, कारण ती कोणावर विश्वास ठेवत नाही. मग एवढंच म्हणाली, "हो. बरोबर आहे." आणि भिंतीला टेकली.

पास! आजोबांनी टोपी काढून हातात धरली.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही माझा आवाज काढता म्हणे."

पूर्ण रांग माझ्याकडे. ज्या पोरीने या गावात कोणाला सोडलं नाही, तिची परीक्षा. मी नाक चिमटीत धरलं. "सुरक्षित असेल..." आवाज असा निघाला, जसा उंदराला सर्दी.

"अजिबात जमलं नाही," बाई म्हणाल्या, नाकातून, संथपणे. "मी असं बोलतच नाही." आणि पुढच्या माणसाला हाक मारली. रांगेतल्या कोणीतरी खोकल्यासारखं केलं. तो खोकला नव्हता.

बाहेर आले तर आई आधीच गाडीत बसलेली, इंजिन चालू. मी दार उघडायला गेले, लॉक.

"आई, उघड ना."

काच चार बोटं खाली आली. "तू आजोबांबरोबर जा."

"म्हणजे? तू कुठे चाललीस?"

"शाळेत. किती वेळ लागतो बघून येतो."

"शाळा बंद आहे, सोमवारी उघडणार! मी येते ना, सोबत."

"तेरा वर्षं सगळीकडे सोबतच गेलो ना बाई," आई म्हणाली, आणि काच वर केली. सिग्नल दिला, मागे बघितलं, आरशात बघितलं, आणि गेली.

मी रस्त्यावर. आजोबा बाकावर. ते म्हणाले, "हं... सिग्नल वेळेवर दिला." त्यांच्या तोंडून हे म्हणजे पद्मश्री.

त्यांच्या पिकअपमधून घरी आलो. घराची किल्ली आईकडे. म्हणून मी त्यांच्या पोर्चवर बसले, आणि त्यांनी मला लेमोनेड दिलं ज्यात साखर विसरले होते. साखरेच्या गावात. मी प्यायले.

मग फोन वाजला.

"पोचली," आई म्हणाली. वारा एवढा होता की तिचा आवाज तुटत होता. "बत्तीस मिनिटं लागली. मध्ये एक ट्रक होता, त्याला ओव्हरटेक नाही केलं."

"शाळा बंद असेल ना?"

"बंदच आहे. मी खिडकीतून बघून राहिली." फोन काचेला घासल्याचा आवाज आला. "माझा वर्ग कोपऱ्यातला आहे वाटते. बाकं उलटी ठेवली आहेत. फळा केवढा मोठा आहे गं."